नानांचा पाइप

वयाच्या सत्तराव्या वर्षी माणसाने देवळाची पायरी चढावी, दवाखान्याची चढावी, फार तर बँकेची चढावी. मी तंबाखूच्या दुकानाची चढलो. तीही भर सकाळी अकरा वाजता, हातात कापडी पिशवी घेऊन. ओळखीच्या कोणी पाहिले असते तर दिवेलागणीपर्यंत ही वार्ता सदाशिव पेठेत घरोघर पोहोचली असती. पण दुकान पडले लष्करात. म्हणजे कॅम्पात. आमचे नाना, म्हणजे वडील, त्या भागाला शेवटपर्यंत लष्करच म्हणत. आणि आमच्या पेठेतले लोक लष्करात जातात ते फक्त नाताळच्या सुमारास केक आणायला, त्यामुळे आश्विन महिन्यात मला कोणाचेच भय नव्हते.

पिशवीत एक जुने फलाटीन होते आणि फलाटिनात नानांचा पाइप होता.

झाले असे की, दसऱ्याच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली आली. तीत नानांची फेल्टची टोपी, दोन कसर लागलेले गळपट्टे, पेन्शनीचे कागद आणि हा पाइप. आमचा पुतण्या त्या दिवशी घरी होता. आजकालच्या मुलांना कोणतीही जुनी वस्तू दिसली की प्रथम तिची किंमत सुचते. त्याने लगेच फोनवर बोटे फिरवली आणि म्हणाला, “काका, जुन्या इंग्लिश पाइपांना परदेशात फार मागणी आहे. असे पडू देऊ नका. विकून टाका.”

“विकून टाक” म्हटल्यावर सौभाग्यवतींनीही मान डोलावली. सासऱ्यांबद्दल तिला अतोनात आदर; पण त्या पाइपाबद्दल नव्हता. आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हता. का, ते पुढे येईलच.

महात्मा गांधी रस्ता, ज्याला जुने लोक अजून मेन स्ट्रीट म्हणतात, तिथून आत वळणाऱ्या एका गल्लीत हे दुकान आहे. रुंदी म्हणाल तर दोन माणसांनी शेजारीशेजारी उभे राहावे आणि तिसऱ्याने बाहेर थांबावे, एवढी. वर पाटी होती, पण तिच्यावरची अक्षरे उन्हाने इतकी उडाली होती की, ठाऊक असलेल्यालाच ती वाचता यावीत. त्या मानाने ‘१८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणे हा दंडनीय गुन्हा आहे’ ही पाटी ठसठशीत होती. आत सागवानी कपाट, काचेच्या बरण्या, पितळेचा छोटा तराजू, आणि वरच्या फळीवर रिकामे पत्र्याचे डबे ओळीने मांडलेले. थ्री नन्स, एरिनमोर, कॅपस्टन, प्लेअर्स. एकेकाळी असले डबे पुण्यातल्या कितीतरी घरांत होते. तंबाखू साहेबाने ओढावी आणि डबा कारकुनाच्या बायकोने मोहरी-जिऱ्याला घ्यावा, अशी सोयीस्कर वाटणी होती. आमच्या आईचे वेलदोडे कित्येक वर्षे थ्री नन्सच्या डब्यात नांदले.

पण या सगळ्यांच्या आधी भेटला तो वास. दुकानात पाऊल टाकले आणि मी जागच्या जागी थांबलो. मनुका, जुनी पुस्तके, ओला गवताचा भारा आणि कुठेतरी गुळाचा पाक, असे काहीतरी मिळून झालेला तो वास होता. धुराचा नव्हे, न जळलेल्या तंबाखूचा. संध्याकाळी सहा वाजता नाना कचेरीतून आले, कोट खुंटीला अडकवला की त्या कोटाला हाच वास असे. मी जरा चपापलोच. नाक हे फार चोंबडे इंद्रिय आहे. आपण ज्याला विचारायचे नाही असे ठरवलेले असते, त्यालाच ते घरात घेऊन येते.

गल्ल्यावर एक वयस्क बोहरी गृहस्थ बसले होते. पांढरी, सोनेरी काठाची टोपी, पांढरी दाढी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांच्यापुढे एक ताठ कण्याचे, मिशाळ गृहस्थ उभे होते. त्यांच्या बुटांच्या चकाकीवरूनच ते निवृत्त फौजी आहेत हे सांगता आले असते. शेठजींनी दोन बरण्यांतली तंबाखू तराजूत घातली, कागदावर हातांनी हलकेच कालवली, पुडी बांधली. दोघांत एक शब्दही झाला नाही. फौजी गृहस्थांनी पैसे ठेवले, टोपीला हात लावला आणि ते चालू लागले.

“चाळीस वर्षं झाली,” शेठजी माझ्याकडे वळून म्हणाले, “हीच पुडी, हेच वजन. काय देऊ साहेब?”

“मला काही नको,” मी म्हणालो. “मी ओढत नाही.”

“मीही नाही,” ते म्हणाले. “बसा.”

हे ऐकून मी खरोखरच बसलो. मिठाईवाल्याने गोड सोडलेले मी पाहिले आहे. पण तंबाखूवाला तंबाखू ओढत नाही, हे नवीन होते. बारा वर्षांपूर्वी त्यांचे हृदयाचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी एक बोट वर केले, यांनी पाइप खाली ठेवला. मुलगी दातांची डॉक्टर आहे. “ती म्हणते, अब्बा, तुम्ही माल पाठवता आणि मी दुरुस्ती करते.” हे सांगताना ते हसले, पण फार नाही. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणाऱ्या मुलीने घरी येऊन काय काय सांगितले असेल, याचा अंदाज त्या हसण्यावरून येत होता. दुकान आपल्या मागे चालू ठेवायचे नाही, हे त्यांनी ठरवून टाकले आहे. जी दहा-बारा जुनी गिऱ्हाइके उरली आहेत त्यांच्यासाठी तेवढे ते उघडतात.

गिऱ्हाईक नसल्यामुळे त्यांना बोलायला वेळ होता आणि मला घरी जाण्याची घाई नव्हती. असा योग हल्ली दुर्मिळ.

मी सहज म्हणालो, “ही साहेबांनी आणलेली चाल, साहेब गेले आणि संपली.”

शेठजींना हे मुळीच मानवले नाही. “साहेबानं आणली? साहेब, दिल्ली-आग्र्याच्या बादशहाला तंबाखू आपल्या दख्खननं शिकवली!”

मला ही थाप वाटली. घरी येऊन पुस्तक काढून पाहिले तेव्हा कान पकडले. अकबराचा असद बेग नावाचा एक दरबारी विजापूरला आदिलशहाकडे गेला होता. तिथे त्याने तंबाखू प्रथम पाहिली. उत्तरेत ती त्याने कधी पाहिलेली नव्हती. पोर्तुगीजांनी गोव्याच्या बाजूने आणलेले हे पान तोवर दख्खनेत रुजले होते. बेगसाहेबांनी थोडी तंबाखू बरोबर घेतली आणि एक झोकदार नळी बनवून घेतली: तीन हात लांब, दोन्ही टोकांना जडावाचे आणि मिन्याचे काम, तोंडाशी येमेनी अकीक, आणि जाळायला सोन्याची वाटी. हे सारे त्याने अकबरापुढे ठेवले. ही गोष्ट १६०५ च्या जरा अलीकडची-पलीकडची. म्हणजे बादशहाचे अखेरचे दिवस. अकबराने कौतुकाने दोन-तीन झुरके घेतले. हकीम घाबरला. या औषधाचा उल्लेख आमच्या ग्रंथांत नाही, म्हणून घेऊ नये, असे त्याने सांगितले. असद बेगाने वाद घातला की, फिरंगी लोक काही मूर्ख नाहीत, त्यांच्यात शहाणेसुरते लोक आहेत. बादशहाने पुन्हा काही ती घेतली नाही. पण सरदारांनी मागणी लावली आणि बघता बघता व्यापाऱ्यांनी बाजार भरवला. पुढे १६१७ साली जहांगिराने बंदीचे फर्मान काढले. बंदी हुकूम आणि तंबाखू यांचे नाते तेव्हापासून जसे आहे तसेच आहे.

हकीम चुकला नव्हता, एवढे मात्र आज म्हटले पाहिजे. त्याला फक्त साडेतीनशे वर्षे लवकर सुचले. १९५० साली ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल या दोघांनी फुप्फुसाचा कर्करोग आणि धूम्रपान यांची सांगड आकड्यांनी घालून दाखवली; १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने तीच गोष्ट जगाला ऐकवली. गंमत अशी की, तेव्हा पुष्कळ लोक घाबरून सिगारेट सोडून पाइपकडे वळले. पाइपवाला धूर छातीत घेत नाही, म्हणून तो सुटला, असा समज. पण त्याच अहवालात ओठाच्या कर्करोगाशी पाइपाचे नाते सांगितले होते. तोंड, जीभ, घसा यांना धूर कुठल्या नळीतून आला याची पर्वा नसते.

आमच्या मराठी घरांत तंबाखू कमी होती असे थोडेच आहे? आमची आजी सकाळी मिश्री लावी. आजोबांच्या कमरेला तपकिरीची डबी. गावाकडचा गडी छापी ओली करून चिलीम पेटवी. चुलत्यांच्या चंचीत पान-सुपारीच्या शेजारी काळी तंबाखू असे. या सगळ्यांना घरात मानाची जागा. पण नानांनी पाइप तोंडात धरला आणि सगळे म्हणाले, “याला साहेबी थेर सुचले!” पान तेच, फक्त त्याने पाटलोण घातली होती.

शेठजींनी मग कपाट उघडून एकेक पाइप काढून दाखवला. एखाद्या जवाहिऱ्याने लग्नाच्या गिऱ्हाइकाला दाखवावेत तसे. ब्रायर म्हणजे लाकूड, एवढेच मला ठाऊक. पण ते खोडाचे नव्हे. भूमध्य समुद्राच्या काठच्या खडकाळ, कोरड्या टेकड्यांवर एक झुडूप वाढते. त्याच्या मुळाशी, जमिनीत, सुरणासारखी एक गाठ धरते. ती गाठ वाढायला कित्येक दशके लागतात. ती खणून काढतात, तासन् तास उकळून तिचा चीक काढतात आणि मग महिनोन् महिने सावलीत वाळवतात. एवढे सोसलेले लाकूड मग निखाऱ्यालाही दाद देत नाही. फ्रान्समध्ये सेंट क्लॉड नावाचे एक डोंगरी गाव आहे; तिथले कारागीर आधी दुसऱ्या लाकडांच्या डब्या-खेळणी कातत असत, ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या मुळाकडे वळले आणि सगळ्या जगाला त्यांनी पाइप पुरवले. त्याच्या आधी युरोपात मातीचे पाइप. आपल्या चिलमीसारखेच कुंभारकाम, पण लांब दांडीचे आणि पांढरे. लंडनला थेम्स नदीच्या चिखलात त्यांचे तुकडे अजून सापडतात.

एक पांढरा पाइप त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. वाटले, कापूसच ठेवला. तुर्कस्तानात एस्किशेहिरच्या आसपास जमिनीतून निघणाऱ्या मऊ दगडाचा तो होता. या दगडाला नाव आहे ‘समुद्रफेस’ अशा अर्थाचे, आणि वाळल्यावर तो पाण्यावर तरंगतो. तो ओढता ओढता धुराने पिवळा, मग मधासारखा होत जातो. आणि मक्याच्या कणसाचा पाइप! दाणे काढलेल्या कणसाचा, अगदी खेडवळ. अमेरिकेत मिसुरी प्रांतात तो अजून बनतो. जनरल मॅकार्थर तोच तोंडात धरून जपानमध्ये उतरला, हे नाना आम्हांला सांगत. तंबाखू पुण्याला चोवीस तासांत कडक वाळते म्हणून बरणीत बटाट्याची चकती टाकावी. लताकिया नावाची पाने धुरावर वाळवतात म्हणून तिला होळीच्या दुसऱ्या दिवसाचा वास येतो. पिवळी, गोड व्हर्जिनिया आपल्याकडे आंध्रात गुंटूरला पिकते. निपाणीची ती बिडीची, तिचा पाइपात उपयोग नाही: असे ते पुष्कळ सांगत होते. पाइप भरायची रीत तर फारच गोड आहे. पहिली चिमूट लहान मुलाच्या हाताने दाबावी, दुसरी बाईच्या आणि तिसरी पुरुषाच्या. म्हणजे तळाशी सैल, वर घट्ट. नाहीतर हवा खेळत नाही.

एवढा खटाटोप बघून माझ्या मनात आले की, पाइप हे ओढण्यापेक्षा न बोलण्याचेच साधन असावे. कोणी अडचणीचा प्रश्न विचारला की, पाइप काढावा, ठोकावा, फुंकावा, भरावा, पेटवावा. तोवर विचारणारा प्रश्न विसरतो. हिंदी चित्रपटातल्या नायिकेचा श्रीमंत बाप रेशमी झगा घालून जिन्यावरून उतरताना तोंडात पाइप ठेवतो, तो उगीच नव्हे. इंग्लंडचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन लोकांसमोर पाइप ओढत आणि घरी सिगार. एकट्या बर्ट्रांड रसेलचे मात्र पाइपाने भले केले म्हणतात. १९४८ साली नॉर्वेत ते ज्या समुद्री विमानात होते ते उतरताना बुडाले; धूम्रपान न करणाऱ्यांच्या भागातले एकोणीस जण गेले, आणि रसेलसाहेब मागच्या, धूम्रपानाच्या भागात बसले होते म्हणून बर्फगार पाण्यात पोहून सुटले. तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. असे अपवाद सांगूनच तंबाखूवाल्यांनी शंभर वर्षे काढली!

अखेर मी पिशवीतून फलाटीन काढले.

“विकायचा आहे,” मी म्हणालो.

शेठजींनी पाइप घेतला. आधी नुसता हातात तोलला. मग दांडी फिरवून अलगद सोडवली, खिडकीच्या उजेडाकडे धरली. दांडीचा काळा रंग उडून शेवाळी झाला होता. “रबराची आहे. गंधक घालून कडक केलेलं रबर. उन्हानं असं होतं,” ते म्हणाले. “इंग्लंडचाच आहे. पण साधा. कुणा साहेबानं दिलेला?”

मी चकित झालो. खरेच होते. नाना मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकून होते. १९४७ साली त्यांचा गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याने हाताखालच्या माणसांना काही ना काही दिले. कोणाला छत्री, कोणाला टेबलघड्याळ. नानांना हा पाइप. तोवर त्यांनी सुपारीसुद्धा खाल्लेली नव्हती.

“लिहिण्याचं काम करत असतील,” शेठजी पुढे म्हणाले. “दातांचे वळ बघा, सगळे डाव्या बाजूला. डावीकडे दातात धरायचा आणि उजव्या हातानं लिहायचं.”

आता मला राहवेना. शेरलॉक होम्सच्या एका गोष्टीत टेबलावर विसरलेल्या पाइपावरून तो त्याच्या मालकाची सगळी कुंडली मांडतो. मी ती शाळेत वाचली होती. मी तसे म्हटले. शेठजी म्हणाले, “होम्स कोण ते माहीत आहे. पण मला हे माझ्या वडिलांनी शिकवलं. दुरुस्तीला आलेला पाइप आधी वाचायचा, मग हत्यार लावायचं.”

मग त्यांनी फोनचा दिवा लावला आणि पाइपाच्या वाटीत डोकावले. एक बारीक काडी घेऊन आतून कडेकडेने फिरवली. पुन्हा फिरवली. कपाटातला दुसरा एक जुना पाइप काढून त्यातही काडी फिरवली आणि मला जवळ बोलावले.

“हा बघा. हा कुणाचाही पाइप. वरती काजळीचा थर जाड, तळाला लाकूड जवळजवळ कोरं. कारण शेवटची तंबाखू ओली होते, कडू लागते. लोक तळापर्यंत ओढत नाहीत, झटकून टाकतात. आता तुमचा बघा.”

मी डोळा लावला. नानांच्या पाइपात वरच्या अर्ध्या भागात थर होता, पण कागदासारखा पातळ. मधोमध एक स्पष्ट रेघ होती, जणू पाण्याने भरलेल्या हौदाला शेवाळाची असते तशी. आणि त्या रेघेखाली, थेट तळापर्यंत, दोन पैशांच्या जुन्या नाण्याएवढा जाड थर.

“म्हणजे?” मी विचारले.

“म्हणजे सुरुवातीला पूर्ण भरायचे. नंतर अर्धाच. आणि तो अर्धा तळापर्यंत, राख होईस्तोवर. नवा पाइप आला की लोक पहिला आठवडा अर्धा भरतात, लाकूड तयार करायला. पण एवढा थर आठवड्यात नाही येत साहेब. याला वर्षं लागतात. दहा, पंधरा... कडू लागत असणार.” ते जरा थांबले. “तंबाखू पुरवून वापरत होते.”

१९६९ साली मी नववीत होतो. शाळेची सहल अजिंठा-वेरूळला निघाली होती. वर्गणी पस्तीस रुपये. त्यात दोन बहिणींची शिक्षणे, आजीचे आजारपण आणि वाड्याचे भाडे. आई म्हणाली, “या महिन्यात जमायचं नाही.” मी सगळ्या वर्गाला जाणार म्हणून सांगून बसलो होतो. संध्याकाळी नाना आले, कोट काढला, खिडकीत बसले आणि रोजच्यासारखा त्यांनी पाइप पेटवला. मी आतून आलो आणि म्हणालो, “धूर काढायला बरे पैसे असतात!”

आमच्या घरात वडिलांना असे बोलण्याची पद्धत नव्हती. आई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तशीच उभी राहिली. नानांनी पाइप तोंडातून काढला, खिडकीच्या गजावर ठोकून रिकामा केला, आणि काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा पेटवला. माणसाला काही वाटतच नाही, असे मी त्या दिवशी ठरवून टाकले. पुढे १९८४ साली डॉक्टरांनी सांगताच त्यांनी तो एका दिवसात सोडला, तेव्हा तर माझा तो समज पक्काच झाला. एका दिवसात सुटण्यासारखा होता, तर आमच्या पस्तीस रुपयांसाठी का सुटला नाही? हे मी त्यांना कधी विचारले नाही. पण चार माणसांत नानांची साधी राहणी, नानांचा काटकसरी स्वभाव असा विषय निघाला की, मी आवर्जून म्हणत असे, “हो, पाइप सोडून!” लोक हसत. नानाही हसत. ते १९९३ साली गेले.

“कधीपासून अर्धा भरायला लागले, ते सांगता येईल का?” मी शेठजींना विचारले.

“ते नाही,” शेठजी म्हणाले. “तेवढं पाइप सांगत नाही.”

५७ सालानंतर परकीय चलनाची टंचाई झाली, परदेशी डबे मिळेनासे झाले, भाव चढले, तेव्हापासूनही असेल. थोरली बहीण कॉलेजात गेली तेव्हापासून असेल. मी त्या खिडकीपाशी जाऊन बोललो त्या आधीच, मी बोलत होतो त्या क्षणीसुद्धा, तो पाइप अर्धाच भरलेला असेल. किंवा दुसऱ्या दिवसापासून. मी पुन्हा आत डोकावून पाहिले. रेघ होती, पण तिच्यावर तारीख नव्हती.

शेठजींनी एक वाकडी सुरीसारखे हत्यार काढले. “विकायचा असेल तर हा थर काढून टाकतो. आतून नव्यासारखा दिसेल. किंमत काही फार यायची नाही, पण थर ठेवला तर कुणी हात लावणार नाही.”

“नको,” मी म्हणालो. “दांडी तेवढी साफ करून द्या.”

त्यांनी वर पाहिले, काही विचारले नाही, आणि हत्यार खणात परत ठेवले. दांडी घासायला अर्धा तास लागला. बारीक कागद, मग तेल, मग फडके. शेवाळी रंग गेला आणि नाना वापरत तेव्हाचा काळा, ओला वाटावा असा रंग वर आला. दातांचे वळ मात्र राहू दिले. ते काढता येतात, असे ते म्हणाले. मीच नको म्हटले. दीडशे रुपये झाले. मी दोनशे दिले तर त्यांनी मोजून पन्नास परत केले, आणि चिमूटभर तंबाखू कागदात बांधून म्हणाले, “ओढायची नाही. फलाटिनात ठेवा, कसर लागणार नाही.”

घरी आलो तर दारातच सौभाग्यवती म्हणाली, “हा कसला वास? सदरा धुवायला टाका आधी.” मी टाकला. पाइप कपाटात, वरच्या कप्प्यात ठेवला. रात्री पुतण्याचा फोन आला, “काय काका, किती आले?”

“गिऱ्हाईकच मिळालं नाही रे,” मी म्हणालो.